बोटभर दगड

मळणीच्या पहिल्या आठवड्यात गिरणीचा पट्टा सकाळी सहाला चढायचा, तो अंधारून आल्यावरच उतरायचा. त्या दिवशीही तसाच चढला. दारापासून रस्त्यापर्यंत डब्यांची रांग लागली होती, मध्येमध्ये पोती, आणि एक वाकडी बादली. बादली एका म्हातारीची. तिला रांग मान्य नव्हती. कुणाचं लक्ष नाही असं पाहून ती पायानं बादली एकेक डबा पुढे ढकलायची.

"आजी, बादलीला पाय फुटले का?" वजनकाट्यापाशी बसलेली गिरणीवाल्याची लेक म्हणाली.

"माझ्या वयाची हो, मग तुझ्या डब्यालाही फुटतील," म्हातारी म्हणाली, आणि बादली आणखी एक डबा पुढे गेली.

रांग हसली. आत दगडाजवळ तिचे बाबाही हसले असावेत, पण ते कळायचं नाही. मिशा, भुवया, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं. गाव त्यांना पीठबाबा म्हणायचं. आंघोळ करून बाहेर पडले तर ओळखीची माणसं क्षणभर थांबायची, हा कोण पाहुणा म्हणून. पीठ ते डोळ्यांनी बघत नसत. दगडातून पडणाऱ्या धारेखाली तळवा धरायचे, चिमूट अंगठ्यानं चोळायचे. गरम लागलं की दगड सैल करायचे, भरड लागलं की आवळायचे. चाळीस वर्षांत कुणाचं पीठ करपलं नव्हतं.

त्यांच्या मागे रिकाम्या पोत्यांच्या चळतीवर लेकीची चार वर्षांची मुलगी बसलेली होती. चालायला लागली तेव्हा एका जागी ठरेना, म्हणून बाबांनीच तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. हल्ली ती ठरायची. पोट पुढे आलेलं, हातपाय काड्या, पाठीची हाडं फ्रॉकातून मोजता यावीत अशी. दिवसातून पाच-सहा वेळा तिला परसात न्यावं लागे, आणि तिथून आली की ती भिंतीला टेकून उभी राहायची. भिंगरीचा बाप ती पोटात असताना काम शोधायला गेला तो तिकडेच रमला. तेव्हापासून लेक माहेरी होती, गिरणीच्या काट्यावर.

दहा वाजले की बाबा पट्टा थांबवायचे. गव्हाची भाकर घरातून यायची. कडेचा खरपूस तुकडा मोडून ते दुधात बुडवत आणि भिंगरीसमोर धरत.

"खा गं राणी. आपल्याच दगडाचं आहे."

ती खायची. खरंतर भाकर तिला फार आवडायची. मग बाबा तिला उचलून काट्यावर बसवत आणि रांगेला ऐकू जाईल असं ओरडत, "साडेअकरा किलो! दळायचं का भरडायचं?"

"दळू नका, आजोबा!" भिंगरी ओरडायची.

"बरं, मग परत न्या तुमचं दळण." आणि तिला खांद्यावर घेत. फ्रॉकावर त्यांच्या दोन्ही पंजांचे पांढरे ठसे उठत. संध्याकाळी लेक ते झटकायची, आणि पुटपुटायची, की यांना कितीदा सांगितलं, हात पुसून घेत जा. एवढीच काय ती तक्रार.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या दवाखान्यात तपासणीचे कागद मिळायचे होते.

*

डॉक्टर थोडं बोलले. उरलेलं नर्सबाईंनी समजावलं. गव्हात एक चिकट सत्त्व असतं, ते या मुलीच्या आतड्याला चालत नाही. आतडं आतून सोलवटून निघतं, मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. औषध नाही. गहू बंद, जव बंद, त्यांच्या भावकीतली आणखी एक-दोन धान्यं बंद. कणभरसुद्धा नाही, आणि जन्मभर नाही.

"वाचता येतं ना तुम्हाला?" नर्सबाईंनी यादी पुढे केली.

लेकीला राग आला. गावातल्या वाचनालयाची दोन्ही कपाटं तिनं वाचून संपवली होती. बसमध्ये तिनं यादी तीनदा वाचली. भिंगरी तिच्या मांडीवर झोपली होती आणि तिचं वजन लागतच नव्हतं.

घरी सगळे जेवायला बसले होते. तिनं यादी उभ्यानंच वाचून दाखवली. बाबांच्या हातात घास तसाच राहिला.

"गहू?" ते म्हणाले.

"हो."

"किती दिवस?"

"कायमचा."

"गव्हानं कुणी आजारी पडतं होय? गव्हावर माणसं वाढतात."

तिचा धाकटा भाऊ गिरणीची मोटर, पट्टे आणि पोत्यांची ने-आण बघायचा. तो हसला. "पीठबाबाच्या नातीला पीठ बाधतं. बाहेर बोलू नका, लोक जत्रेसारखे बघायला येतील."

"तुझी मुलगी असती तर हसला असतास?" ती म्हणाली.

"अगं, हसू नको तर काय करू, ताई? दाराबाहेर बघ. वीस डबे आहेत. सगळा गहू."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघराचा एक कोपरा वेगळा केला. नवं पातेलं, नवा चमचा, वेगळं फडकं. भावजयीचा हात चुकून त्या पातेल्याला लागला तर लेक ते पुन्हा घासायला घ्यायची. भावजय चार दिवस गप्प राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, "ताई, एकदा सांगून टाका, मी नुसती बघितली तर चालतं का मुलीला?"

सगळ्यात अवघड भिंगरीच होती. तिला भाकरच हवी होती. तांदळाची पेज समोर आली की ती ओठ घट्ट मिटायची. लेक तिला दोन गुडघ्यांत धरायची, एका हातानं गाल दाबायची, दुसऱ्या हातानं चमचा आत सारायची. भिंगरी घोट तोंडात साठवून ठेवायची, आईचा हात सैल झाला की हनुवटीवरून सोडून द्यायची. बटाटा कुस्करून दिला, अंडं दिलं, मक्याची लापशी दिली. मक्याच्या लापशीला तिनं आईच्या बोटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं.

"आजोबांची भाकर दे!" भिंगरी रडत ओरडायची. "आजोबांची!"

गिरणी अंगणापलीकडे, वीस पावलांवर. पट्ट्याच्या आवाजातही बाबांना ते ऐकू जायचं. तांदूळ आणि मका ते तिच्यासाठी शेवटी दळायचे. आधी दगड झाडायचे, मूठभर तांदूळ वाया घालवून दगड साफ करायचे. दळणवाल्यांच्या पिठात पीठ मिसळू नये म्हणून गिरणीत पहिल्यापासून असंच करत. कुणाची तक्रार आली नव्हती.

*

महिना झाला तरी भिंगरीचं पोट बसेना. हातपाय तेवढेच. लेक औषधांच्या दुकानात गेली. दुकानदारानं भिंगरीकडे पाहिलं, तोंडानं च्यक् केलं आणि मागच्या फळीवरून एक डबा काढला. डब्यावर एक गुबगुबीत पोर हात वर करून हसत होतं.

"ताकदीची पावडर. दुधातून, सकाळ-संध्याकाळ दोन दोन चमचे. महिन्यात पोर ओळखू येणार नाही."

"यात गहू नाही ना?"

"गहू कसा असेल? औषध आहे हे."

पावडर गोड होती, तपकिरी, भाजल्यासारख्या वासाची. भिंगरी ती न रडता प्यायची. दिवसातले तेवढे दोनच पेले होते जे ती स्वतः हातात धरायची. लेक समोर बसून बघत राहायची. घशाखाली घोट जाताना बघून तिचे डोळे भरून यायचे. डबा तिनं स्वयंपाकघरात ठेवला नाही. औषध होतं ते. तिनं तो खोलीतल्या कपाटात, खोकल्याच्या बाटलीशेजारी ठेवला.

आणि जुलाब वाढले.

लेक घरात वास घेत हिंडू लागली. भावजयीचे हात, चुलीचा कठडा, पाण्याचं भांडं, सगळं पुसून झालं. मग एका दुपारी अंगणात भिंगरी दिसली. बाबा पट्टा थांबवून दाराशी आले होते, घामानं पीठ त्यांच्या मानेवर लगदा झालेलं. भिंगरी भिंतीचा आधार सोडून त्यांच्याकडे निघाली, आणि त्यांनी तिला उचलली.

लेक धावत गेली आणि तिनं मुलगी त्यांच्या हातातून ओढून घेतली.

"हात लावू नका तिला!"

रांगेत दहा-बारा माणसं होती.

"अगं, भाकर नाही दिली मी. काहीच दिलं नाही," बाबा म्हणाले.

"द्यायला कशाला हवं? बघा स्वतःकडे. मिशीत गहू, पापण्यांत गहू. तुम्ही जवळ घेता, ती तुमच्या गळ्याला तोंड लावते, आणि माझी मुलगी झिजते. तुमच्यामुळं झिजते!"

रांगेतली माणसं आपापल्या डब्यांकडे बघू लागली. वाकड्या बादलीवाल्या म्हातारीनंसुद्धा मान खाली घातली. बाबांनी आपले हात वर केले, पालथे करून पाहिले, उताणे करून पाहिले. मग ते विजारीला पुसायला गेले, आणि विजारही पांढरी आहे हे पाहून तसेच थांबले.

"बरं," ते म्हणाले.

*

त्या दिवसापासून ते घरात आले नाहीत. गिरणीच्या मागच्या पडवीत त्यांनी बाज टाकली. जेवण भावजय नेऊन द्यायची. सकाळी ते अंगणाच्या पलीकडच्या कडेला उभे राहत आणि हाक मारत, "भिंगरी! उठलीस का?"

"आजोबा, इकडे या!"

"नको. मी इथूनच बघतो. छान दिसतेस."

पहिले काही दिवस ती रडली. मग शिकली. आजोबा दिसले की ती आपणहून पायरीवर थांबायची आणि दोन्ही हात पाठीमागे धरायची.

आठवडाभरानं बाबांनी गव्हाचं दळण बंद केलं. ऐन मळणीत. दारावर स्वतःच्या हातानं पाटी लावली: फक्त तांदूळ, मका. धाकट्यानं ती पाटी दोनदा काढली. दोनदा त्यांनी परत लावली.

"बाबा, वर्षाचं काम या दोन महिन्यांत होतं," धाकटा म्हणाला. "तांदूळ-मका दळायला येतं कोण? चार घरं."

"चार तर चार."

"आणि आम्ही काय करायचं?"

"तुला हात आहेत."

लोक पोती घेऊन येत, पाटी वाचत, परत जात. काही जण न वाचता ओरडत. "पीठबाबा, गहू चावला का तुम्हाला?" एकानं पोतं खाली टाकलं आणि म्हणाला, "नात मोठी झाली की तिच्या सासरी काय सांगणार? आमच्याकडे गहू वर्ज्य?" बाबा दाराशी उभे राहून ऐकून घेत. वेशीपाशी नवी गिरणी निघाली होती. तिथला मालक चोवीस-पंचवीसचा होता, आणि त्याच्याकडे पहिल्यांदाच रांग लागली.

घरात धाकट्याच्या माणसांना गहू लागतच होता. तो दळून कोण आणणार? धाकटा म्हणाला, मी नाही जाणार, मला लाज वाटते. मग बाबाच गेले. खांद्यावर डबा घेऊन पीठबाबा दुसऱ्याच्या गिरणीच्या रांगेत उभे राहिले. लेकीनं त्यांना बाजारातून येताना पाहिलं. नव्या मालकानं, "तुम्ही पुढे या, काका," म्हटलं असावं, कारण बाबा मान हलवून नाही म्हणत होते. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी सवयीनं धारेखाली तळवा धरला. मालक म्हणाला, "काका, हात काढा, लागेल." त्यांनी हात काढला. लेक रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं निघून गेली.

मग त्यांनी दगड काढले.

दगडाला टाकी लावणं हे गिरणीतलं नेहमीचं काम. पंधरा दिवसांनी दगड उचलायचे, झिजलेल्या खाचा छिन्नीनं पुन्हा जिवंत करायच्या. अर्ध्या दिवसाचं काम. पण या वेळी बाबा खाचा कोरत नव्हते. त्यांचं म्हणणं, दगडाला भोकं असतात. चाळीस वर्षांचा गहू त्या भोकांत बसलाय. वरवर झाडून तो जाणार नाही. वरचा थरच काढायला हवा.

"किती?" धाकट्यानं विचारलं.

त्यांनी करंगळी आडवी धरून दाखवली. "बोटभर."

"दगड संपेल की, बाबा."

"दुसरा नाही का मिळत? तसली नात मिळेल का?"

घराकडची खिडकी त्यांनी पोत्यानं बंद केली, धूळ तिकडे जाऊ नये म्हणून. आत ऊन पत्र्यावरून उतरत होतं. तोंडाला फडकं बांधून, गुडघे रोवून, सकाळपासून ते टाकीवर हातोडी घालत. ठक्, ठक्, ठक्. मध्ये खोकला. पुन्हा ठक्. अकरा दिवस. बोटांच्या पेरांवरची कातडी निघाली. उजव्या डोळ्यात कपची गेली, ती भावजयीनं पदराच्या टोकानं काढली. खोकताना ते एका हातानं छाती धरत आणि दुसऱ्या हातानं दगड चाचपत राहत, कुठं उंच राहिलाय का म्हणून.

लेक घरात बसून ते ऐकायची. तिला बरं वाटायचं. आता खरं काहीतरी होतंय, असं वाटायचं.

दगड परत बसले, पट्टा चढला, पायलीभर तांदूळ दळून फेकून दिला, मग भिंगरीचं दळण निघालं. पीठ इतकं शुभ्र होतं की भावजयसुद्धा "वा" म्हणाली.

आठ दिवसांनी भिंगरीला पुन्हा उलट्या झाल्या.

*

"तिच्या तोंडात जे जे जातं ते सगळं घेऊन या," नर्सबाईंनी निरोप पाठवला. "मीठसुद्धा."

लेकीनं मोठी पिशवी भरली. तांदूळ, मका, दोन्ही पिठं, मीठ, तेलाची बाटली, साखर. नर्सबाई एकेक वस्तू टेबलावर मांडत होत्या. "ही पिठं कुठं दळता?" "आमच्याच गिरणीत. दगड नवा केलाय. गहू बंद केलाय." नर्सबाईंनी मान वर केली. "खरंच? एवढं कुणी करत नाही हो." लेकीला अभिमान वाटला.

"औषधं काही?"

"खोकल्याचं. आणि हे ताकदीचं."

नर्सबाईंनी डबा हातात घेतला. पुढचं चित्र बघितलं नाही, डबा फिरवून पाठ बघितली. चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं जवळ धरली. मग डबा लेकीच्या समोर ठेवला आणि एका शब्दाखाली नख टेकवलं.

जव. भिजवून, मोड आणून, भाजलेला जव. यादीतला दुसराच शब्द.

"किती दिवस देताय?"

लेकीनं बोटांवर मोजलं. "दोन महिने होतील."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ."

नर्सबाई रागावल्या नाहीत. तेच वाईट होतं. "होतं असं," त्या म्हणाल्या. "औषध म्हटलं की वाचत नाहीत लोक. बंद करा, महिन्याभरात फरक बघा. गिरणीचं जपता ते जपाच, ते बरोबरच आहे. पण घाबरून जाऊ नका. आजोबा आंघोळ करून, कपडे बदलून आले की त्यांनी खुशाल घ्यावं तिला. मुलीला माणसं हवीत."

डबा तिनं बस थांब्यामागच्या नाल्यात टाकला. तो बुडाला नाही. गुबगुबीत पोर हात वर करून वाहत गेलं.

बाबा अंगणाच्या कडेला उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे, पायाशी सावली पार गोळा झाली होती.

"काय म्हणाल्या?"

वाटभर तिनं वाक्य जुळवलं होतं. छोटंच होतं. तिनं तोंड उघडलं, आणि त्यांची बोटं दिसली. पेरांवर खपल्या होत्या. त्या बोटांसमोर ते वाक्य उभं राहीना.

"वेळ लागेल म्हणाल्या," ती म्हणाली. "नवा दगड आहे, आतलं सगळं निघायला वेळ लागेल."

"तेच म्हणतो मी," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला.

दहाव्या दिवशी भिंगरीनं मक्याची लापशी मागून खाल्ली. पंधराव्या दिवशी ती अंगणात कोंबडीच्या मागे पळाली. धाकट्यानं तिला काट्यावर बसवलं आणि तो ओरडला, "बारा किलो शंभर!" बाबा पडवीतून बघत होते. हसताना त्यांना खोकला आला, तो बराच वेळ थांबेना.

थांबल्यावर त्यांनी लेकीला हाक मारली. ती दारापर्यंत गेली.

"बघ," ते म्हणाले. "दगडच होता ना?"

ती उभी राहिली. अजूनही सांगता आलं असतं. आत धाकटा नव्हता, रांग नव्हती, कुणी नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"मला वाटायचं, माझ्या हातात काय चूक आहे. चाळीस वर्षं ज्याला त्याला पीठ दिलं, आणि घरातल्या पोरीला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "असू दे. सुधारली ना. आता मी लांबच बरा."

उद्या सांगू, असं ती रोज म्हणायची. उद्या ते जेवल्यावर. उद्या त्यांचा खोकला कमी झाल्यावर. भिंगरीला आणखी थोडं बाळसं येऊ दे, मग ऐकताना त्यांना इतकं लागणार नाही. सकाळी बाबा हाक मारत, भिंगरी पायरीवर हात पाठीमागे धरून उभी राहत, आणि लेक खिडकीतून दोघांकडे बघत चुलीवरचं दूध ढवळत राहत असे.

*

त्या दिवशी सकाळी दोन घरांचा मका दळायला होता. लेक घरात तांदूळ निवडत होती. अकराच्या सुमारास गिरणीचा आवाज बदलला. दाणा संपला की दगड दगडावर घासतो, कर्कश, दात शिवशिवतील असा. बाबा तो आवाज एक क्षणही होऊ देत नसत; पेटीत शेवटची मूठ असतानाच त्यांचा हात कळीकडे जायचा.

आवाज चालूच राहिला.

तिच्या हातून सूप पडलं. ती अंगण ओलांडून धावली. धाकटा तिच्या आधी पोचला होता आणि कळ खाली ओढत होता. बाबा धारेखाली उजवा तळवा ठेवून, काट्याला पाठ टेकून बसले होते. तळव्यात मक्याच्या पिठाचा छोटा ढीग होता. डोळे उघडे होते. पट्टा थांबला, आणि खूप शांत झालं.

"बाबा," धाकटा म्हणाला. मग मोठ्यानं, "बाबा!"

डॉक्टरांना बोलावलं. ते आले, मनगट धरलं, सोडलं. म्हणाले, छाती आधीच थकलेली असणार.

दुपारपर्यंत अंगण भरलं. बाबांना अंगणात आणून ठेवलं होतं. अजून पुसलं नव्हतं. मिशा, भुवया, पापण्या, सगळं तसंच पांढरं. माणसं डोक्यावरचे रुमाल काढून उभी होती, आणि मग बोलू लागली, जशी अशा वेळी बोलतात. वाकड्या बादलीची म्हातारी खाली बसून म्हणाली, "नातीसाठी गिरणी मोडली यानं. स्वतःचाच गहू नातीला बाधला. केवढं लागलं असेल जिवाला."

"लागलं होतं," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मला म्हणाले होते परवा. म्हणाले, माझ्या हातानं मुलगी मरायला टेकली होती. हे घेऊनच जायचं रे मला आता."

लेकीनं त्याच्याकडे पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं.

तेवढ्यात भिंगरी घरातून बाहेर आली. एवढी माणसं पाहून ती पायरीवर थांबली. आजोबा दिसले, तसे तिचे हात आपोआप पाठीमागे गेले. कुणीतरी म्हणालं, "आण गं तिला जवळ, शेवटचं बघू दे." ती एक पायरी उतरली, तर भावजय पुढे धावली आणि तिनं तिला मायेनं पोटाशी धरलं.

"नको बाळा. तिकडे नको. आजोबांच्या अंगावर पीठ आहे."

माणसांनी समजून मान डोलावली. भिंगरीनंही डोलावली.

"सोड तिला," लेक म्हणाली.

"अहो ताई, अजून पुसलं नाही त्यांना."

"सोड म्हणते ना."

तिनं भिंगरीचा हात धरला. तिला बाबांच्या अगदी जवळ नेलं आणि खाली बसवलं. भिंगरीनं आईकडे पाहिलं, खरंच का म्हणून. लेकीनं मुलीचा हात उचलून बाबांच्या छातीवर ठेवला. मग ती उभी राहिली. तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण तो अंगणाच्या टोकापर्यंत गेला.

"यांच्या पिठानं नाही झालं तिला. मी केलं. ताकदीचा डबा आणला होता मी, त्यात जव होता. यादीत लिहिलं होतं, आणि मी वाचलं नाही. दोन महिने माझ्या हातानं पाजलं. नर्सबाईंनी मला सांगितलं, त्याला आज तेवीस दिवस झाले. आंघोळ करून आजोबांनी खुशाल घ्यावं तिला, असंही त्यांनी सांगितलं. मी घरी येऊन काही बोलले नाही. यांनी मला विचारलं, दगडच होता ना. मी हो म्हणाले."

धाकट्याचा चेहरा तिला दिसत होता, पण ती त्याच्याशी बोलत नव्हती. ती खाली वाकली, बाबांच्या पांढऱ्या कानाजवळ, आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, दगड नव्हता. तुमचे हात नव्हते. मी होते. घ्या तिला."